थांबल्या गाडीचा हिशेब

ट्रकच्या केबिनमधली डावीकडची सीट आता बहुतेक गाड्यांत रिकामी असते. पूर्वी तिथे क्लीनर बसायचा. टायरवर टॉमी मारून हवा ओळखायची, काच पुसायची, ताडपत्री ओढून दोर आवळायचे, गाडी मागे घेताना खाली उतरून हात दाखवायचा, ही त्याची कामं. तीन-चार वर्षं असं केल्यावर एखाद्या रात्री मोकळा पट्टा पाहून उस्ताद गाडी बाजूला घ्यायचा आणि म्हणायचा, ये पोरा, बस. पुढेही वर्षभर उस्ताद शेजारी जागा असायचा. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर विचारा, दहातले नऊ असेच घडलेले निघतील. मग भाडी उतरली, हप्ते वाढले आणि मालकांनी पहिली कात्री लावली ती क्लीनरच्या पगाराला. त्याबरोबर ट्रक शिकवणारी एकमेव शाळा बंद झाली. शाळा बंद झाल्याची नोंद मात्र कुणीच घेतली नाही.

आज बीड, जालना, सोलापूर भागातला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा जड वाहनाचा परवाना घेऊन कळंबोलीला उतरतो. कायद्याच्या सगळ्या अटी त्याने पुऱ्या केलेल्या असतात. मालवाहू गाडीसाठी वय वीस पूर्ण लागतं, आधी हलक्या वाहनाचा परवाना हातात वर्षभर असावा लागतो, मगच जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. परीक्षा रिकाम्या गाडीवर झालेली असते. पंचवीस टन लोखंड पाठीशी घेऊन बोरघाट उतरताना गाडी कशी ढकलते, हे त्याला कुठल्याच कागदाने सांगितलेलं नसतं. आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे प्रश्न येतो: लोकल धरायची की लाईन?

लोकल म्हणजे जवळची भाडी. न्हावा-शेव्याहून तळोजा, भिवंडीहून वसई, चाकणहून रांजणगाव. सकाळी भरलं, संध्याकाळी नाही तर दुसऱ्या दिवशी खाली करून परत. लाईन म्हणजे बंगळुरू, दिल्ली, कोलकाता. एकदा घर सोडलं की पंधरवडा नक्की. तळावर याबाबत दोन तट आहेत. एक म्हणतो, चाक फिरलं तरच पैसा, लोकलमध्ये गाडी फिरतच नाही. दुसरा म्हणतो, आधी घराजवळ हात बसू दे, लाईन काय कुठे पळून जात नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, भिवंडीच्या गोदामांच्या रांगेत आणि चाकणच्या कारखान्यांच्या फाटकांबाहेर ड्रायव्हर, मुकादम आणि लहान मालकांशी बोलल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. नव्या ड्रायव्हरने पहिलं वर्ष-दीड वर्ष लोकलच करावी. पण महिन्याच्या ठरलेल्या पगारावर. खेपेवर करू नये, आणि कर्ज काढून घेतलेल्या स्वतःच्या गाडीवर तर मुळीच करू नये.

असं का, ते कळायला लोकलच्या ड्रायव्हरचा दिवस नीट पाहावा लागतो.

न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं आणि पुढच्या काळात उरण-पनवेल पट्ट्यातल्या मिठागरांच्या, भातखाचरांच्या जागी कंटेनरची आवारं उभी राहिली. कस्टमची तपासणी, माल भरणं-काढणं ज्या आवारात होतं त्याला सगळे सीएफएस म्हणतात. सीएफएसपासून बंदराच्या फाटकापर्यंतचं अंतर पुष्कळदा दहा-वीस किलोमीटरच. मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण ट्रेलर निघतो तो आधी बंदरात शिरायच्या परवानगीचा ‘फॉर्म तेरा’ हाती आल्यावर. मग सीएफएसच्या फाटकावरची रांग, वजनकाटा, सील, बंदराच्या वाटेवरची रांग, फाटकावर कागद आणि कंटेनरचा नंबर जुळवणं, आत क्रेनची वाट पाहणं. नंबरातला एक आकडा चुकला तर गाडी रांगेतून काढून पार्किंगला लावायची आणि एजंटला फोन करत बसायचं. पाऊण तासाच्या रस्त्यासाठी अख्खा दिवस जातो, कधी रात्रही जाते. ट्रेलरच्या इंजिनाकडच्या भागाला इथले लोक घोडा म्हणतात. लोकलचा घोडा बराच वेळ जागेवरच उभा असतो.

भिवंडीचंही तेच, फक्त कारण निराळं. मुंबईत जकात होती तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर माल साठवणं व्यापाऱ्याला सोयीचं होतं, म्हणून माणकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा या गावांत गोदामं वाढत गेली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, नाक्यांवरच्या रांगा गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता गाडी सुसाट. पण गोदामं तिथेच राहिली आणि ऑनलाइन खरेदीच्या मालाने आणखी फुगली. नाक्यावरची रांग गोदामाच्या फाटकावर येऊन थांबली एवढंच. त्यात मुंबई-ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते. म्हणजे दिवसा भरायचं, रात्र पडायची वाट पाहायची, पहाटेच्या आत शहरात शिरायचं, गोदाम उघडेपर्यंत बाहेर थांबायचं. रोज घरी जायला मिळतं म्हणून लोकल धरलेला मुलगा दिवसा तापलेल्या पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करत असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण नव्या पोराच्या हाती मालक नवी गाडी देत नाही. त्याला मिळते ती दहा-बारा वर्षं चाललेली गाडी, आणि तिच्यातला पंखा चालला तरी पुष्कळ.

आता पैशाचं. समजा खेपेमागे ड्रायव्हरला सहाशे रुपये ठरले. गाडी प्रत्यक्ष चालली चार तास, उभी राहिली दहा तास. चौदा तासांचे सहाशे, म्हणजे तासाला त्रेचाळीस रुपये. भाडं ठरवताना सगळे किलोमीटर मोजतात. ड्रायव्हरचं आयुष्य मात्र तासांनी जातं. म्हणून खेपेच्या दराकडे पाहून लोकल महाग की स्वस्त हे ठरवता येत नाही. त्या एका खेपेत किती तास जातात हे विचारलं की खरा दर बाहेर येतो. महिन्याचा पगार ठरला असेल तर गोदामवाल्याने लावलेल्या उशिराचा भार निदान निम्मा मालकावर जातो आणि मग मालक स्वतःच फोन उचलून विचारतो, माझी गाडी का सोडत नाही? खेपेवरच्या ड्रायव्हरसाठी असा फोन फारसा कुणी करत नाही.

स्वतःच्या गाडीचं गणित याहून कठोर आहे. भिवंडी ते तळोजा चाळीसेक किलोमीटर धरा. येताना बहुधा रिकामंच यायचं, कारण तेवढ्या अंतरावर परतीचं भाडं शोधत बसलं तर दिवस हातचा जातो. ऐंशी किलोमीटरला दहा चाकी गाडी चारच्या ॲव्हरेजने वीस लिटर पिते. नव्वद रुपयांच्या डिझेलने अठराशे झाले. हा खर्च दिसतो. न दिसणारा खर्च हप्त्याचा. महिन्याला पन्नास हजार हप्ता आणि कामाचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला दोन हजार रुपये, गाडी फिरो वा उभी राहो. विमा, कर, फिटनेस, टायर निराळे. दिवसात दोन खेपा झाल्या तर हप्त्याचा भार खेपेला हजारावर येतो आणि धंदा तगतो. एकच झाली तर त्या एका चाळीस किलोमीटरच्या भाड्यातून दोन हजार हप्त्याचे आणि अठराशे डिझेलचे निघायला हवेत, मग उरलेलं घरी. लोकलचा सगळा धंदा असा दुसऱ्या खेपेवर उभा आहे. आणि दुसरी खेप होणार की नाही हे गाडीवाल्याच्या हातात नसतं. ते पहिल्या गोदामाचा धक्का केव्हा मोकळा होतो यावर ठरतं. लाईनच्या गाडीलाही भरताना-उतरवताना थांबावं लागतं, पण तो थांबा हजार-दीड हजार किलोमीटरच्या भाड्यात विरून जातो. चाळीस किलोमीटरच्या भाड्यात विरायला जागाच नसते.

म्हणून दोन वर्षं लोकल करून, चार पैसे साठवून, बायकोचे दागिने गहाण टाकून गाडी काढणाऱ्या मुलांची मला फार काळजी वाटते. एखाद्या कंपनीशी कायमचं काम बांधलेलं असेल, रोज ठरलेल्या खेपा लेखी असतील, तर गोष्ट वेगळी. नुसत्या ब्रोकरच्या फोनवर हप्ता फिटत नाही.

मग तरीही पहिलं वर्ष लोकलच करा असं का म्हणायचं? कारण क्लीनरची सीट गेल्यावर हात बसायला दुसरी जागा उरलेली नाही.

ट्रक पुढे चालवणं त्यातल्या त्यात सोपं असतं. कस लागतो तो मागे घेताना. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट चालतं: मागचा भाग डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे फिरवायचं आणि तो वळू लागला की लगेच सोडायचं, नाही तर घोडा आणि ट्रेलर मधेच मोडल्यासारखे एकमेकांवर येतात. लाईनच्या ड्रायव्हरला हे पंधरवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं. लोकलवाल्याला रोज करावं लागतं, तेही काल्हेरच्या गल्लीत, वर लोंबणाऱ्या तारा, एका बाजूला गटार, मागे दुसऱ्या गाड्यांचे हॉर्न आणि धक्क्यावर हात हलवत ओरडणारा सुपरवायझर. सहा महिन्यांत हात तयार होतो. गाडी घासली तरी वेग पाचचा असतो, जीव जात नाही. आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर ओळखीचा मेकॅनिक असतो. हीच पहिली चूक छत्तीसगडच्या जंगलात रात्री दोनला झाली तर पोरगं एकटं पडतं.

घाटाचंही असंच. कसारा, बोरघाट, खंबाटकी, माळशेज हे आपल्या रोजच्या वाटेवरचे घाट आहेत. आठवड्यातून चारदा तोच घाट उतरला की कुठल्या वळणाआधी गिअर पाडायचा, हे पायाला कळू लागतं. जुन्या उस्तादांचा नियम साधा होता: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. नवीन मुलं हा नियम मोडतात आणि त्यामागे पैशाचं कारण असतं. पुष्कळ मालक अंतर मोजून डिझेल देतात, वाचलं तर ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर पगारातून कपात. मग उतारावर न्यूट्रल मारायचा मोह होतो, कुणी तर इंजिनच बंद करतं. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की दर ब्रेकला हवा कमी होत जाते, स्टिअरिंग जड होतं, आणि पंचवीस टनांना अडवायला खाली काही उरत नाही. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर इतके जीव गेले आहेत की तो रस्ता रोज वापरणारी माणसं आरशात मागचा ट्रक पाहत गाडी चालवतात. दोष ड्रायव्हरला लागतो, तो लागायलाही हवा. पण वीस-तीस रुपयांच्या डिझेलसाठी त्याला न्यूट्रलकडे ढकलणारी पद्धत मालकाने आखलेली असते, तिचं नाव पंचनाम्यात येत नाही. नव्या मुलाने नोकरी धरताना डिझेल मापून देणाऱ्या मालकाकडे जाऊच नये, मग पगार हजार रुपयांनी कमी का असेना.

कागद शिकायलाही लोकलच बरी. ई-वे बिल हा नवशिक्यांच्या डोक्यावरून जाणारा विषय. राज्यांतर्गत मालासाठी महाराष्ट्रात ते २५ मे २०१८ पासून लागू झालं. दोनशे किलोमीटरपर्यंतच्या अंतराला एका दिवसाची मुदत मिळते आणि तो दिवस संपतो बिल काढल्याच्या दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री. ऐकायला भरपूर वाटतं. पण शनिवारी संध्याकाळी गाडी भरली, रविवारी गोदाम बंद, सोमवारी सकाळी गाडी फाटकावर उभी आणि बिलाची मुदत आदल्या रात्रीच संपलेली, असं लोकलमध्ये सहज घडतं. अंतर चाळीस किलोमीटर आणि तरी कागद मेलेला! तपासणी झाली तर गाडी अडकते. मुदत संपण्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ तास ती वाढवून घेता येते, पण त्यासाठी ड्रायव्हरला ते माहीत असावं लागतं आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन उचलणारं कुणी असावं लागतं. ही अडचण दोन-तीनदा घराजवळ सोसली की माणूस भरतानाच बिलावरची तारीख वाचायला शिकतो.

आणखी एक वाट आहे, ती मुलांना फारशी कुणी सांगत नाही. थेट दहा चाकीवर चढायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप अशा गाड्यांवर मालाची बांधणी, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि शहरातल्या गल्ल्या शिकत शिकत वर चढता येतं. नारायणगावचा टोमॅटो माळशेजमार्गे वाशीच्या बाजारात नेणाऱ्या पिकअपवाल्यांकडे पाहा. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण पहाटेच्या आत पोचलं नाही तर शेतकऱ्याचा भाव पडतो. वेळ पाळणं, धुक्यातला घाट आणि नाशवंत मालाची जबाबदारी, हे तिन्ही तिथे एका रात्रीत भेटतं. घाईचा धोकाही तिथेच सगळ्यात जास्त, हे खरं. ज्याला रात्री झोप आवरत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

ऊस वाहतुकीकडे मात्र मी नव्या मुलाला पाठवणार नाही. फडापासून कारखान्यापर्यंतचं अंतर थोडं, हंगामात काम रोज, गावातल्या गावात, म्हणून ती मोहात पाडते. पण फडातून भरलेली गाडी काढायची ती चिखलाच्या पाणंदीतून, उंच रचलेला ऊस एका बाजूला कलतो, आणि कारखान्यावर गव्हाणीला नंबर लागेपर्यंत अड्ड्यावर बसायचं. दोन्ही संकटं एकत्र: चालवणं अवघड आणि थांबणं लांब. ज्यांचे हात तयार आहेत त्यांनी करावं.

थांबण्याकडे परत येतो, कारण सगळी गाठ तिथेच आहे.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी मंजुरीने दहा तास. पण तो कायदा ठेवला पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायाला. आपल्याकडे बहुतेक ट्रक एक-दोन-चार गाड्यांच्या लहान मालकांचे. त्यांच्याकडे काम करणाऱ्या ड्रायव्हरला हे आठ तास कधी दिसलेच नाहीत. आणि रांगेत उभं राहणं म्हणजे काम, हे तर मोठ्या कंपन्यांतही कुणी मनापासून मानत नाही. गाडी उभी होती ना, मग आराम झाला की, असं सांगितलं जातं. रांगेत दर वीस मिनिटांनी गाडी चार फूट पुढे घ्यावी लागते. नाही घेतली तर मागचा शिरतो. अशा माणसाला झोप कशी लागेल? आणि दहा तास अशी रांग सोसून तोच ड्रायव्हर रात्री अकराला भरलेली गाडी घेऊन ठाण्याकडे निघतो.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली देशभरातल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ८४ टक्के चालकांनी सांगितलं की आपल्या घरातल्या किंवा नात्यातल्या कुणाला या धंद्यात यायला आम्ही सुचवणार नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत अशी मालकांची ओरड आहे, तिचं उत्तर या आकड्यात आहे.

पण गोदामाच्या याच धक्क्यावर, याच गाडीच्या मागे, महाराष्ट्राने एकदा वेगळं काही करून दाखवलेलं आहे. पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार कुणाचाच कामगार नव्हता. आज या व्यापाऱ्याचा, उद्या त्या व्यापाऱ्याचा. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र आणलं, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळ आलं, टोळीची नोंद झाली, वजनामागे दर ठरला, मालकाकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखान्याची सोय झाली. रोज मालक बदलणाऱ्या कामगारालाही हक्क देता येतात, हे या राज्याने देशाला दाखवलं. ट्रकवाल्यांची जुनी मागणी आहे, ज्याचा माल त्याचा हमाल. म्हणजे उतरवण्याची वाराई ड्रायव्हरच्या खिशातून काढू नका, ज्याने माल मागवला त्याने ती द्यावी. ही मागणी न्याय्य आहे, आणि तोच न्याय थांबण्यालाही लागतो. ज्याच्या फाटकावर गाडी उभी राहिली त्याने त्या तासांचे पैसे द्यावेत. बिल्टीवर हाल्टिंगची, म्हणजे गाडी थांबवल्याच्या भरपाईची, ओळ छापलेली असते. मालक ती कधी कधी वसूल करतो, आणि वसूल झालेलं हाल्टिंग ड्रायव्हरपर्यंत क्वचितच झिरपतं. रात्रभर गाडीत बसलेला माणूस तो, भरपाई मात्र गाडीला.

चाकणमध्ये एका लहान मालकाने माझ्यापुढे त्याचा मोबाइल धरला. त्याच्या दोन्ही गाड्यांना जीपीएस आहे. गाडी रस्त्यात दहा मिनिटं थांबली तरी त्याला संदेश येतो आणि तो ड्रायव्हरला फोन करतो, कुठे थांबलास? यंत्र बसवलं होतं ते यासाठीच. मग त्याच्या लक्षात आलं की हेच यंत्र कारखान्याच्या फाटकावर गाडी किती तास उभी राहिली तेही मिनिटांसकट लिहून ठेवतं. आता तो महिन्याच्या बिलाला ती नोंद जोडतो, ड्रायव्हरला पोच पावतीवर आत शिरल्याची आणि सुटल्याची वेळ लिहून सही घ्यायला लावतो, आणि हाल्टिंगचे जेवढे पैसे हाती येतात त्यातले निम्मे ड्रायव्हरला देतो. सगळ्या कंपन्या देत नाहीत. एकीने तर असली बिलं पाठवशील तर काम बंद करू असं सुनावलं. दुसरीने दोन महिने घासाघीस केली आणि मग धक्क्यावरची वेळ ठरवून द्यायला सुरुवात केली, कारण थांबवण्यापेक्षा वेळेवर सोडणं तिला स्वस्त पडू लागलं. त्याच्याकडचा एक ड्रायव्हर तेवीस वर्षांचा आहे, पाथर्डीकडचा. लाईनवर जायचं का, असं मी त्याला विचारलं. पुढच्या दिवाळीनंतर, तो म्हणाला, आधी ट्रेलरचा रिव्हर्स पक्का होऊ दे.